बाई, तुम्ही नाच पाहिलाच नव्हता!

न्यूयॉर्कात 'न्यूयॉर्कर' नावाचं साप्ताहिक निघतं. गुळगुळीत कागद, व्यंगचित्रं, जाहिराती आणि मधेमधे उत्तम गद्य. उत्तम गद्य हे मी कुत्सितपणे म्हणत नाही, तिथं खरंच चांगलं लिहितात. त्याच पानांवर आर्लीन क्रोची नावाच्या बाई १९७३ पासून नृत्यसमीक्षा लिहीत होत्या. त्याआधी १९६५ साली त्यांनी 'बॅले रिव्ह्यू' काढलेलं. बॅलन्शिनच्या भक्त. नाचाचं वाक्यात भाषांतर करावं तर क्रोचीबाईंनी, असं त्यांचे विरोधकसुद्धा मानत. म्हणजे मी कुणा किरकोळ माणसाशी भांडत नाही हे आधीच सांगून ठेवतो. किरकोळ माणसांशी भांडायला वेळ कुणाकडे आहे?

तर २६ डिसेंबर १९९४ च्या अंकात या बाईंनी बिल टी. जोन्स या काळ्या नृत्यकाराच्या 'स्टिल/हिअर' या नव्या कृतीवर लेख लिहिला. सुरुवातीलाच जाहीर करून टाकलं, की हा प्रयोग मी पाहिलेला नाही आणि त्याचं परीक्षण करण्याचा माझा विचारही नाही. आणि मग पुढची पानंच्या पानं त्याच्यावरच!

दोस्तांनो, परत वाचा. पाहिलं नाही. पाहणार नाही. पण बोलणार.

आपल्याला ही रीत नवी नाही. आपल्याकडे असे लोक पैशाला पासरी आहेत. पुस्तक उघडलेलं नसतं आणि 'आक्रोशाच्या पलीकडे हे साहित्य कधी जाणार' म्हणून चिंता वाहत असतात. एका कॉलेजातल्या चर्चासत्रात मी पाठीमागच्या बाकावर बसलो होतो. व्यासपीठावर एक प्राध्यापक बोलत होते, 'दुःखाचं भांडवल' हा शब्द त्यांनी तासाभरात इतक्यांदा वापरला की मी मोजायचं सोडून दिलं. नंतर मी विचारलं, सर, तुम्ही ज्या कवीबद्दल बोललात त्याचं कुठलं पुस्तक वाचलंत? सर हसले. म्हणाले, प्रवृत्तीबद्दल बोलतोय मी, व्यक्तीबद्दल नाही.

प्रवृत्ती! क्रोचीबाईसुद्धा प्रवृत्तीबद्दलच बोलत होत्या. त्या प्रवृत्तीला त्यांनी नाव दिलं, बळींची कला. पुढं अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांना चघळायला तो शब्द फार दिवस पुरला.

आता हा जोन्स कोण?

१५ फेब्रुवारी १९५२ ला फ्लोरिडातल्या बनेल गावी जन्म. बारा भावंडांतला दहावा. आईबाप फिरत्या शेतमजुरांच्या टोळ्या घेऊन दक्षिणेतून उत्तरेकडे जाणारे, आपल्याकडे ऊसतोडीचा मुकादम टोळी घेऊन जातो ना, तसला धंदा. फरक एवढाच की तिकडे बटाटे. पुढं कुटुंब न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात वेलंड नावाच्या गोऱ्या गावात स्थिरावलं. पोरगा धावण्यात तरबेज, बिंगहॅम्टनच्या विद्यापीठात गेला, तिथं नाच भेटला. बॅलेचा बार धरून सात वर्षांच्या वयापासून घोटलेलं शरीर नव्हतं ते. उशिरा आलेलं, वाढलेलं, रापलेलं.

१९७१ साली तिथंच आर्नी झेन भेटला. गोरा, बुटका, फोटोग्राफर. जोन्स उंच, काळा, पिळदार. दोघं एकमेकांचे जोडीदार झाले, रंगमंचावर आणि घरात. याला 'खाजगी बाब' म्हणून बाजूला सारायची सोय नाही, कारण त्यांचा नाचच तिथून निघाला. बुटका उंचाला उचलतोय. गोरा काळ्याचा भार अंगावर घेतोय. पुरुष पुरुषाला झेलतोय. त्या काळात अमेरिकेत 'काँटॅक्ट इम्प्रोव्हायझेशन' नावाची पद्धत नवी होती, १९७२ च्या आसपास स्टीव्ह पॅक्स्टनने सुरू केलेली. दोन शरीरांनी एकमेकांवर वजन टाकायचं आणि त्यातून पुढची हालचाल निघू द्यायची. कोण उचलणार, कोण उचललं जाणार हे आधी ठरलेलं नाही. आता बॅले आठवा. तिथं पुरुष उचलतो, बाई उचलली जाते, ती पिसासारखी हलकी असते आणि वजन नावाची गोष्ट जगात नाहीच असं नाटक दोघं मिळून करतात. वजन लपवणं हे त्या कलेचं व्याकरण. आणि मजुराच्या पोराला तर वजनाशिवाय दुसरं काही ठाऊकच नसतं!

१९८२ साली दोघांनी कंपनी काढली. कंपनीत कोण कोण घेतले बघा. लांब मानेच्या सारख्या मापाच्या पोरींची रांग नाही. उंच, बुटके, काळे, गोरे. लॉरेन्स गोल्डह्युबर नावाचा शंभर किलोच्या कितीतरी वर गेलेला गडी त्यात वर्षानुवर्षं नाचला. जाड्याला विनोदासाठी घेतात तसा घेतला नव्हता. त्याच्या वजनाला नाचात काम होतं.

आणि मग एड्स आला. मार्च १९८८ मध्ये आर्नी झेन गेला. जोन्सला स्वतःच्या रक्तात विषाणू आहे हे ठाऊक होतं आणि ते त्याने लपवलं नाही. ज्या वर्षांत सरकारं तोंड फिरवून बसलेली, दफन करणारे प्रेताला हात लावायला कचरत, त्या वर्षांत हे. स्पर्श नाकारण्याची गोष्ट मी या मासिकाच्या वाचकाला समजावून सांगावी काय?

१९८९ मध्ये त्याने 'डी-मॅन इन द वॉटर्स' केलं, मेंडेल्सोनने सोळाव्या वर्षी लिहिलेल्या ऑक्टेटवर. डी-मॅन म्हणजे डेमियन अक्वाव्हेला, कंपनीतला पोरगा, एड्सने खंगलेला. त्याला पायांवर उभं राहवेना. तेव्हा पहिल्या प्रयोगात जोन्सने त्याला उचलून रंगमंचावर आणलं आणि डेमियनने त्याच्या वाट्याचा नाच फक्त हातांनी केला. पुढच्या वर्षी तो गेला. हा नाच अजून होतो, कॉलेजातली पोरं शिकतात. दुःखाचा म्हणून कुणी पाहायला बसला तर फसेल, इतका धावतो तो. शरीरं हवेत फेकली जातात, निसटता निसटता झेलली जातात, घसरतात, पुन्हा उठतात. मी तो चित्रफितीवर पाहिला आणि शेवटी दम मला लागला होता.

१९९० चं 'लास्ट सपर अ‍ॅट अंकल टॉम्स केबिन/द प्रॉमिस्ड लँड' तर आणखी वेगळं प्रकरण. सुमारे तीन तासांचा पसारा. अंकल टॉमची कादंबरी उभीआडवी फाडलेली, जोन्सची म्हातारी आई एस्टेला स्वतः रंगमंचावर प्रार्थना करते, आणि ज्या गावात प्रयोग असेल तिथल्या एका धर्मगुरूला भर रंगमंचावर बसवून जोन्स प्रश्न विचारतो. एड्स ही देवाने दिलेली शिक्षा आहे काय? बोला महाराज, लोक ऐकतायत. आणि शेवटी त्या त्या गावातली पन्नासेक माणसं, नाच न शिकलेली, तरणी, म्हातारी, लठ्ठ, हडकुळी, सुरकुतलेली, कंपनीच्या नर्तकांबरोबर नागडी उभी राहतात. नागडी म्हणजे नागडीच. त्यावर गावोगाव बोंबाबोंब झाली. पण त्या गर्दीत कुठलं शरीर शिकलेलं आणि कुठलं आजच रस्त्यावरून आलेलं हे शोधत बसावं लागतं, यातली गंमत बोंब मारणाऱ्यांच्या ध्यानात आली नाही.

आता 'स्टिल/हिअर'. मराठीत म्हणायचं तर 'अजून आहोत, इथंच आहोत'. यासाठी जोन्स अमेरिकेतल्या अकरा शहरांत फिरला आणि चौदा कार्यशाळा घेतल्या. कोणासाठी? कॅन्सर, एड्स आणि असल्याच जीवघेण्या आजारांशी झगडणाऱ्यांसाठी. अट एवढीच की तुम्ही त्या आजारासह जगत असलं पाहिजे. नाच येण्याची अट नाही. तो त्यांना म्हणायचा, स्वतःच्या नावाला एक हालचाल द्या. कागदावर तुमच्या आयुष्याची रेघ काढा. मग ती रेघ जमिनीवर चालून दाखवा, इथं जन्म, इथं लग्न, इथं डॉक्टरने सांगितलं तो दिवस, आणि रेघ जिथं संपेल असं वाटतं तिथवर आम्हाला घेऊन चला. बाकीचे त्याच्यामागून चालायचे. १९९७ मध्ये बिल मॉयर्स या पत्रकाराने यावर टीव्हीसाठी माहितीपट केला, त्यात हे दिसतं. मी तो दोनदा पाहिला. कुणी रडतं, हे खरं. पण जास्त वेळ लोक विचार करत असतात, पाऊल कुठं टाकायचं याचा विचार. म्हातारी बाई आपल्या आयुष्यातलं वळण पायाने शोधतेय आणि तिच्यामागे आठदहा माणसं गुपचूप तेच वळण घेतायत. याला तुम्ही दया म्हणा, मी याला अभ्यास म्हणतो.

त्या हालचाली, ती वाक्यं, ते चेहरे घेऊन जोन्सने नाच बांधला. ग्रेचेन बेंडरने पडद्यावर चेहरे आणले. पहिल्या भागाचं संगीत केनेथ फ्रेझेलचं, गायला ओडेटा, आपल्या नागरी हक्कांच्या चळवळीतली ओडेटा! दुसरा भाग व्हर्नन रीडचा. सप्टेंबर १९९४ मध्ये फ्रान्सात लियोंला पहिला प्रयोग झाला.

आणि नाचलं कोण? कंपनीचे शिकलेले, पगारी, रोज सराव करणारे नर्तक.

इथं क्रोचीबाईंची खरी फजिती आहे. त्यांनी लिहून टाकलं की या नाचातले कलाकार म्हणजे जोन्सने जमवलेले आजारी लोक, आणि त्यांच्यापुढे आजारी असण्यावाचून दुसरा पर्याय नाही. सगळी इमारत या विटेवर. मरणाऱ्या माणसांना समोर उभं केलं की समीक्षकाने तोंड उघडायची सोयच राहत नाही, म्हणून जोन्सने स्वतःला समीक्षेच्या पलीकडे नेऊन ठेवलं, असा दावा. अहो पण ते समोर नव्हतेच! ते पडद्यावर होते, आवाजात होते. समोर होते धडधाकट नर्तक, ज्यांचा पाय चुकला तर चुकला म्हणायला कुणाची ना नव्हती. तिकीट काढून आत गेलेल्या कुठल्याही शेंबड्या पोराला जे पहिल्या दहा मिनिटांत कळलं असतं ते अमेरिकेतल्या सर्वांत तीक्ष्ण डोळ्याला कळलं नाही. कारण डोळा घरी ठेवून आलेला.

बरं, नसते नर्तक, असते खरेच आजारी लोक समोर, तर? मग काय बिघडलं असतं? डेमियन होताच की समोर. बाई म्हणतात, ज्याची मला कीव येते त्याचं परीक्षण मी कसं करू. पण कीव कुणी मागितली? जोन्सच्या कार्यशाळेतल्या बाईने? तिने तर तुम्हाला पत्ताही विचारला नव्हता. कीव तुमच्या पोटातून निघाली, आणि आरोपी कोण, तर ज्याला पाहून ती निघाली तो. चांगला न्याय आहे. सावली पडली म्हणून सावलीवाल्यालाच दंड करणारा हा न्याय आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भोगलाय, त्याचा वास आम्हाला लांबून येतो.

आणि बाईंची यादी बघा. लेखात त्या सांगतात, कुणाकुणाला पाहणं आपल्याला जड जातं. लठ्ठ नर्तक, म्हातारे नर्तक, शरीरात व्यंग असलेले नर्तक. मग त्याच दमात पुढं, अपमानित काळे, छळलेल्या बायका, हक्क नाकारलेले समलिंगी. आता मोजा, या यादीतून वगळून शिल्लक कोण राहतं? तरुण, सडपातळ, अव्यंग, गोरा आणि ज्याची कुठलीही तक्रार नाही असा. त्याचं नाव 'शुद्ध कला'. बाकीचे सगळे 'विषय'. आम्ही दुःख बोललो की प्रचार. त्यांच्या राजकन्येचा हंस झाला आणि ती चार अंक तडफडली की अभिजात. हंसिणीबद्दल वाटते ती कीव नसते वाटतं? तिला पाहून डोळे पुसायला रुमाल काढता तेव्हा समीक्षा अडते का?

बाई आणखीही बोलल्या. सरकारी अनुदानांनी कलावंताला समाजात जा, उपयोगी पड, असं सांगून सांगून कलेचं वाटोळं केलं, असा त्यांचा सूर. यात मात्र एक मुद्दा आहे, आणि तो मी त्यांच्या तोंडून काढून माझ्या तोंडात घेतो, कारण त्यांना तो पुरा करता आला नाही. 'समाजात जाणारी कला' हाही एक धंदा होऊ शकतो. झालेला आहे. वस्तीत यायचं, दोन दिवस पोरांना गोल उभं करायचं, त्यांच्याकडून काहीतरी 'अनुभव' काढायचा, फोटो मारायचे आणि अहवाल देणगीदाराला पाठवायचा. आमच्या वस्त्यांनी असले पाहुणे पुष्कळ पाहिलेत. म्हणून जोन्सलाही सोडण्याचं कारण नाही.

मला विचाराल तर 'स्टिल/हिअर' ला विचारायचा प्रश्न हा आहे. बटाटे खणले कोणी आणि बाजारात नेले कोणी? मजुरांच्या मुकादमाच्या पोराला हा प्रश्न कळणार नाही असं नाही. हालचाल त्या आजारी बाईची. तिच्या नावाची. ती नर्तकाच्या कसलेल्या अंगात गेली तेव्हा तिचा थरकाप गेला आणि रेषा आली. काही ठिकाणी फार सुंदर झालं ते, आणि जिथं फार सुंदर झालं तिथंच मला खटकलं. सगळी कंपनी एकदम ती खूण करते तेव्हा ती कुणा एकीची उरत नाही. पडद्यावरचे प्रचंड चेहरेही मला जड वाटले, चेहरा मोठा केला म्हणजे माणूस मोठा होतो असं नाही. उलट नर्तक सुरुवातीला एकेकाचं नाव उच्चारून त्याची खूण करतात, तो भाग मी विसरू शकत नाही. काही नाही त्यात, नाव आणि हात. पुरेसं आहे.

हे झालं परीक्षण. कठीण होतं का? माझ्यासारख्या नाचाचा नसुद्धा न शिकलेल्या माणसाने केलं. आजारी माणसांची मला कीव आली म्हणून माझी लेखणी गळून पडली नाही. कारण मी त्यांना बळी म्हणून पाहत नव्हतो, त्या नाचातले भागीदार म्हणून पाहत होतो, आणि भागीदारीचा हिशेब विचारता येतो.

इकडे अमेरिकेत हा वाद पेटलेला असताना तिकडे इंग्लंडात लोक भलत्याच वाटेने निघाले होते. सेलेस्ट डँडेकर ही नाचता नाचता पडून मणका मोडलेली नर्तकी. तिने अ‍ॅडम बेंजामिनबरोबर १९९१ साली 'कँडोको' काढली, अपंग आणि अव्यंग नर्तकांची एकत्र कंपनी. त्यांच्या कार्यशाळेत लीड्सचा डेव्हिड टूल आला. लहानपणीच दोन्ही पाय काढलेले, टपालखात्यात नोकरी. नोकरी सोडून तो नर्तक झाला. हातांवर चालायचा, हातांवर नाचायचा. २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकच्या उद्घाटनाला सगळ्या जगाने त्याला पाहिलं, २०२० मध्ये तो गेला. तिथं कुणी कुणाची खूण उचलून नेली नाही, ज्याचे हात त्याचाच नाच. मला विचाराल तर जोन्सच्या १९९४ च्या उत्तरापेक्षा हे उत्तर एक पाऊल पुढचं आहे. टूलवर टीका करायचीय? खुशाल करा. पण बघून करा.

जोन्सही तिथंच थांबला नाही, हे कबूल केलं पाहिजे. मानसन्मान भरपूर झाले. १९९४ ची मॅकआर्थर फेलोशिप, ब्रॉडवेवर दोन टोनी, २०१० चा केनेडी सेंटरचा गौरव. इतकी बिरुदं छातीवर लागली की माणूस आपल्याकडे अकादमीच्या खुर्चीत विरघळतो. हा २०२१ मध्ये, सत्तरीला टेकलेला, न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यू आर्मरीच्या अवाढव्य जमिनीवर स्वतः उतरला. 'डीप ब्ल्यू सी'. 'मोबी डिक' मधला पिप नावाचा काळा पोऱ्या, जो समुद्रात पडतो आणि ज्याला सोडून होडी पुढं निघून जाते, त्याला घेऊन केलेला नाच. सुरुवातीला जोन्स एकटा. मग कंपनी. आणि शेवटाकडे शहरातली माणसं, सगळी मिळून शंभराच्या घरात. यावेळी त्यांच्या खुणा दुसऱ्या कुणी केल्या नाहीत. ते स्वतः आले.

'स्टिल/हिअर' ब्रुकलिनच्या त्याच अकादमीत २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा झालं, तीस वर्षांनी, नव्या नर्तकांनी. बहुतेक परीक्षणांना क्रोचीबाईंचं नाव घेतल्याशिवाय पुढं सरकता आलं नाही. बाई त्याच वर्षी डिसेंबरात नव्वदीला वारल्या. प्रयोगाची तिकिटं विक्रीला होती, पहिल्यांदा होती तशीच.